बालशिक्षण प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम राष्ट्रीय आराखड्याला कसा जोडावा: नव्या प्रशिक्षकांसाठी

ठाण्यात किंवा नवी मुंबईत बालशिक्षण पदविकेच्या अथवा बालवाडी शिक्षिका प्रशिक्षणाच्या वर्गाला नव्याने शिकवू लागलेल्या व्यक्तीकडे पहिल्या दोन-तीन महिन्यांतच एक काम येते. संस्थेचा अभ्यासक्रम जुना असतो, ‘तो नव्या राष्ट्रीय आराखड्याला जोडून द्या’ असे प्राचार्या सांगतात, आणि हाताशी साडेतीनशे पानांच्या घरातला एक दस्तऐवज व आधीच्या बाईंनी ठेवलेली टिपणांची फाईल एवढेच असते. ठाण्यातल्या एका प्रशिक्षण वर्गासाठी मी हे काम दोनदा केले, एकदा चुकीच्या आणि एकदा बऱ्या पद्धतीने. पुढील क्रम त्या दोन्ही वेळच्या अनुभवातून आला आहे.

आधी चूक सांगते, कारण नवा माणूस बहुधा तिथूनच सुरुवात करतो. आम्ही एक मोठा तक्ता केला. डावीकडे आमच्या ८ विषयपत्रिका, वर आराखड्यातली १३ ध्येये, आणि मधल्या १०४ चौकोनांपैकी बहुतेकांत बरोबरची खूण. तक्ता रंगीत छापून भिंतीवर लावला. वार्षिक परीक्षेला आलेल्या बाह्य परीक्षक बाईंनी तो पाहिला, मग एका विद्यार्थिनीची सराव पाठांची वही उघडली आणि विचारले, “या पाठाच्या वेळी एखाद्या मुलाने काय केले, ते सांगा बरे.” वहीत प्रत्येक पाठाखाली ‘मुलांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला’ एवढेच वाक्य होते, आणि विद्यार्थिनीला त्यापलीकडे काही आठवेना. आमच्या तक्त्याने एक कागद दुसऱ्या कागदाला जोडला होता. वर्गात बसलेल्या मुलापर्यंत त्यातले काहीच पोचले नव्हते. म्हणून जोडणीचे काम सराव पाठांच्या वहीपासून सुरू करावे आणि विषयपत्रिकांना हात सर्वांत शेवटी लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली पायरी: कोणते दस्तऐवज समोर ठेवावेत

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २९ जुलै २०२० रोजी मंजूर झाले आणि त्याने ३ ते ८ वर्षे हा वयोगट ‘पायाभूत स्तर’ म्हणून एकत्र आणला. बालवाटिकेची तीन वर्षे आणि पहिली-दुसरीची दोन, असा हा पाच वर्षांचा स्तर आहे. त्यासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २० ऑक्टोबर २०२२ रोजी प्रसिद्ध झाला. त्यावर आधारलेला महाराष्ट्राचा राज्य अभ्यासक्रम आराखडा २०२४ मध्ये आला, आणि राज्यातील शाळांमध्ये नव्या रचनेची अंमलबजावणी २०२५-२६ पासून पहिलीच्या वर्गाने सुरू झाली. मराठी माध्यमातून शिकवणाऱ्यांनी राज्याचा आराखडा रोजच्या वापरासाठी जवळ ठेवावा आणि शंका आली की राष्ट्रीय आराखड्यात पाहावे, कारण मराठी संज्ञा राज्याच्या दस्तऐवजात तयार मिळतात आणि विद्यार्थिनींना पुढे शाळेत त्याच संज्ञा ऐकू येणार असतात.

ज्या विद्यार्थिनी सरावासाठी अंगणवाडीत जाणार आहेत, त्यांना तिथे महिला व बालविकास विभागाची साधने भेटतील. केंद्रीय मंत्रालयाचा ३ ते ६ वयोगटासाठीचा ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम २०२४ मध्ये आला, आणि महाराष्ट्रातील अंगणवाड्यांमध्ये ‘आकार’ हा बालशिक्षण अभ्यासक्रम त्याआधीपासून परिचित आहे. शाळेचा एक कागद आणि अंगणवाडीचा दुसरा, यामुळे नव्या विद्यार्थिनी गोंधळतात. दोन्हीकडचे विकासाचे पैलू बरेचसे तेच आहेत, हे त्यांना एका तासात दोन्ही पुस्तिका शेजारी ठेवून दाखवता येते. पहिली-दुसरीसाठी ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत या पायाभूत वाचन-लेखन व गणिताच्या अभियानाची उद्दिष्टेही माहीत असावीत, कारण महापालिकेच्या शाळेतल्या शिक्षिका आराखड्यापेक्षा ‘निपुण’चीच भाषा अधिक बोलतात.

आराखडा वाचताना त्याची उतरंड ध्यानात ठेवावी. सर्वांत वर विकासाचे पैलू आहेत, त्यांखाली ध्येये, प्रत्येक ध्येयाखाली क्षमता, आणि क्षमतेखाली वयानुसार अध्ययन निष्पत्ती, म्हणजे त्या वयात मूल काय करू शकेल याचे बारीक टप्पे. पहिली ३ ध्येये शारीरिक विकासाची, ४ ते ६ सामाजिक, भावनिक व नैतिक विकासाची, ७ आणि ८ बोधात्मक विकासाची, ९ ते ११ भाषा व साक्षरतेची, १२वे सौंदर्यदृष्टी व संस्कृतीचे, आणि १३वे शिकण्याच्या चांगल्या सवयींचे. पंचकोशांची, म्हणजे माणसाच्या शरीरापासून आनंदापर्यंतच्या पाच थरांची, संकल्पनाही आराखड्यात आहे आणि परीक्षेत तिच्यावर हमखास प्रश्न येतो. पण पाठ आखताना उपयोगी पडते ती क्षमतेची पातळी. ध्येय फार मोठे असते आणि अध्ययन निष्पत्ती फार बारीक. एका पाठाला एक क्षमता, किंवा फार तर दोन, हे प्रमाण पाळावे.

दुसरी पायरी: आपला अभ्यासक्रम नेमका कोणत्या जातीचा आहे

हे काम थोडक्यात होते, पण टाळू नये. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीतील पूर्वप्राथमिक शिक्षण पदविका ही दोन वर्षांची, बारावीनंतरची आणि मान्यतेच्या अटींनी बांधलेली आहे. तिच्यात विषयपत्रिका स्वतःच्या मनाने बदलता येत नाहीत, मात्र सराव पाठ, प्रकल्प आणि अंतर्गत मूल्यमापन यांत बदलाला जागा असते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या दूरशिक्षण पदविकेसारख्या अभ्यासक्रमात पुस्तके ठरलेली असतात, तेव्हा संपर्क तासांतच काय ती जोडणी करता येते. खासगी संस्थांच्या सहा महिने किंवा वर्षभराच्या प्रमाणपत्र वर्गांना मोकळीक सर्वांत जास्त असते, आणि नेमके तिथेच ‘राष्ट्रीय धोरणानुसार’ ही ओळ माहितीपत्रकावर आधी छापली जाते आणि अभ्यासक्रम नंतर पाहिला जातो. प्रवेश घेणाऱ्या मुलींना आपल्या प्रमाणपत्राला कोणाची मान्यता आहे आणि कोणाची नाही, हे पहिल्याच दिवशी लेखी सांगावे.

तिसरी पायरी: सराव पाठाची वही बदलणे

जुन्या वहीत विषय, उद्देश, साहित्य, कृती आणि मूल्यमापन असे रकाने असतात. ‘उद्देश’ या रकान्यात विद्यार्थिनी ‘मुलांचा सर्वांगीण विकास साधणे’ असे लिहून मोकळ्या होतात. हा रकाना काढून तिथे दोन रकाने करावेत. पहिला, ‘क्षमता, तिच्या क्रमांकासह’. दुसरा, ‘ही क्षमता मुलात दिसली तर ते मूल काय करताना किंवा बोलताना दिसेल’. दुसऱ्या रकान्यासाठी विद्यार्थिनींना सुरुवातीला खूप वेळ लागतो, आणि तो लागू द्यावा. शेवटच्या ‘मूल्यमापन’ या रकान्याऐवजी अर्धे पान कोरे सोडून त्यावर ‘तीन मुलांच्या नोंदी’ असे शीर्षक द्यावे.

एक उदाहरण सविस्तर देते. बेलापूरजवळच्या एका गावठाणातील अंगणवाडीत आमच्या एका विद्यार्थिनीचा पाठ होता. विषय ‘मासे’, कारण वस्ती कोळ्यांची. तिने बांगडा, सुरमई, पापलेट, कोळंबी, बोंबील, सुकट आणि जवळा यांची चित्रकार्डे केली होती आणि मुलांकडून रंग व आकार ओळखून घ्यायचे ठरवले होते. साडेचार वर्षांच्या एका मुलीने कार्डे हातात घेतली आणि रंगांकडे न बघता सुकट, जवळा व सुके बोंबील बाजूला काढले. ताईंनी विचारल्यावर म्हणाली, “हे सुके, हे ओले.” मग सुक्यांच्या ढिगातून बोंबील पुन्हा वेगळे केले आणि सांगितले, “ह्ये निवडाया लागत नाय.” आईशेजारी बसून सुकट निवडलेल्या मुलीचेच ते ज्ञान होते. विद्यार्थिनीच्या वहीत मात्र त्या दिवशी लिहिले होते: ‘एका मुलीने सूचनेप्रमाणे कार्डे लावली नाहीत. तिला पुन्हा सराव द्यावा लागेल.’

आराखड्यातली क्षमता ८.१ अशी आहे की मूल वस्तूंचे एकाहून अधिक गुणधर्मांनुसार गट आणि उपगट करते. त्या मुलीने नेमके तेच केले होते, तेही कोणी न शिकवता. आम्ही वर्गात ती नोंद पुन्हा लिहून घेतली: ‘सात कार्डांचे सुके आणि ओले असे दोन गट स्वतःहून केले. सुक्या गटात निवडावे लागणारे आणि न लागणारे असे दोन उपगट केले. कारण शब्दांत सांगितले. रंगाबद्दल विचारले असता उत्तर दिले नाही.’ शेवटचे वाक्यही महत्त्वाचे आहे. जे दिसले नाही तेही नोंदवावे, पण त्यावरून मुलाला रंग येत नाहीत असा निष्कर्ष काढू नये. या एका नोंदीवर आमचा दीड तास गेला, आणि बालविकास, अध्यापन पद्धती व मूल्यमापन या तिन्ही विषयपत्रिकांतले मुद्दे तिच्यातूनच निघाले.

अशा नोंदी किमान सहा आठवडे जमू द्याव्यात. तोवर तक्ता करण्याचा मोह आवरावा.

चौथी पायरी: भाषा आणि गणित मराठीतून तपासणे

राष्ट्रीय आराखडा सर्व भारतीय भाषांसाठी लिहिलेला आहे. मराठीची स्वतःची वळणे त्यात असणार नाहीत, ती प्रशिक्षकाने भरायची असतात. या पायरीला सर्वांत जास्त तास द्यावेत, कारण इथे तयार टिपणे फारशी मिळत नाहीत.

गणितापासून सुरुवात करू. क्षमता ८.३ आणि ८.५ मध्ये ९९ पर्यंत पुढे व मागे मोजणे आणि दशमान स्थानिक किंमत समजून अंक वापरणे अपेक्षित आहे. मराठीत ४३ ही संख्या बोलताना आपण ‘त्रेचाळीस’ म्हणजे आधी तीन आणि मग चाळीस म्हणतो, पण लिहिताना आधी ४ लिहितो. ३९ ला तर ‘एकोणचाळीस’ म्हणतो, ज्यात ना तीस ऐकू येते ना नऊ. त्यात चाळिसाला एक कमी आहे एवढेच कळते. पहिलीतले मूल ४३ ऐवजी ३४ लिहिते, तेव्हा बहुतेक वेळा ते कानाने ऐकलेला क्रम इमानाने कागदावर उतरवत असते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रभर मोठा वाद झाला. त्या वादात कोणाची बाजू बरोबर, हे विद्यार्थिनींना सांगण्याची गरज नाही; पण प्रश्न कुठून निर्माण झाला, हे त्यांना कळलेच पाहिजे. आम्ही त्यांना दहा-दहा काड्यांचे जुडगे आणि सुट्या काड्या देऊन आधी वस्तू, मग बोलणे, मग चित्र आणि शेवटी अंक या क्रमाने एकेक संख्या शिकवून पाहायला लावतो. मोठ्या माणसालाही ‘एकोणसाठ’चे जुडगे पटकन करता येत नाहीत, हे स्वतःच्या हातांनी अनुभवल्यावर मुलाच्या चुकीकडे बघण्याची नजर बदलते.

भाषेत क्षमता १०.१ ही ध्वनींच्या जाणिवेविषयी आहे: शब्द तोडणे, आवाज जोडणे. सराव पाठात विद्यार्थिनी ‘कमळ’ शब्दाला तीन टाळ्या वाजवतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर तीन अक्षरे असतात. मूल दोन टाळ्या वाजवते, क-मळ. मुलाचे बरोबर आहे. आपण उच्चार ‘क-मळ’ असाच करतो, शेवटच्या ‘ळ’ मधला ‘अ’ बोलताना गळून पडतो. ‘बदक’चेही तसेच. लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढाला लिपी इतकी सवयीची झालेली असते की आवाज ऐकू येईनासा होतो. म्हणून ध्वनींचे खेळ शिकवण्यापूर्वी विद्यार्थिनींना डोळे मिटून वीस-पंचवीस शब्दांच्या टाळ्या वाजवायला लावाव्यात आणि आपापसात वाद घालू द्यावा.

क्षमता १०.३ अक्षरे ओळखून शब्द वाचण्या-लिहिण्याची आहे. ‘अ अननसाचा’पासून सुरू करून ‘ज्ञ’पर्यंत जाणारा तक्ता अजूनही बहुतेक बालवाड्यांच्या भिंतीवर असतो. मुळाक्षरे संपेपर्यंत त्या मुलाला एकही अर्थपूर्ण शब्द वाचता येत नाही. त्याऐवजी म, र, क, ल, न अशी वारंवार येणारी पाच-सहा व्यंजने आणि लगेच काना, एवढ्यावर ‘नाक’, ‘कान’, ‘माला’, ‘राम’ असे शब्द तयार होतात. कोणता अक्षरगट आधी घ्यायचा, याची यादी विद्यार्थिनींनी स्वतः करावी आणि तिचे समर्थन करावे. परीक्षेतल्या दहा गुणांच्या प्रश्नापेक्षा त्यातून जास्त कळते.

घरची भाषा हा मुद्दा या भागात टाळून चालत नाही. घणसोली किंवा दिवाळ्याच्या गावठाणात मूल आगरी-कोळी बोलते, तुर्भ्याच्या वस्तीत हिंदी, कन्नड किंवा तेलुगू, आणि घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलात मराठी आई-वडिलांचे मूलही इंग्रजीमिश्रित बोलते. ९वे ध्येय दोन भाषांत रोजचा संवाद साधता येण्याविषयी आहे. वरच्या उदाहरणातल्या मुलीचे ‘ह्ये निवडाया लागत नाय’ हे वाक्य वहीत जसेच्या तसे उतरवावे. ते ‘शुद्ध’ करून लिहिले की नोंदीतले पुरावामूल्य जाते, आणि मुलीला पुढच्या वेळी बोलावेसे वाटेल याची खात्रीही.

पाचवी पायरी: गुणदान

आराखड्याने या स्तरावर चाचण्या आणि परीक्षा सर्वस्वी अयोग्य ठरवल्या आहेत. मुलाचे निरीक्षण करणे आणि त्याने केलेल्या वस्तूंचा, चित्रांचा, लेखनाचा अभ्यास करणे हे मूल्यमापनाचे दोन मुख्य मार्ग त्यात दिले आहेत. हे शिकवणाऱ्या संस्थेतच विद्यार्थिनींचे सर्व गुण तीन तासांच्या लेखी परीक्षेवर असतील, तर त्या जे शिकतात ते वेगळेच असते. अंतर्गत गुणांपैकी जितके हाती असतील तितके निरीक्षण नोंदींवर द्यावेत. आमच्याकडे प्रत्येक विद्यार्थिनीने तीन मुले निवडायची आणि वर्षभरात प्रत्येकाच्या सहा नोंदी व चार कलाकृती, तारखांसह, जपायच्या असा नियम आहे. मुलांची नावे फाईलवर घालू नयेत, टोपणचिन्ह पुरते.

बालवाटिकेच्या वयासाठी पाठ्यपुस्तके लावू नयेत, असेही आराखडा सांगतो. यावर पालक रागावतात, आणि रोष शिक्षिकेवर येतो. पालक सभेत हे कसे समजावायचे याचा एक तरी सराव वर्गात करून घ्यावा, एका विद्यार्थिनीने चिडलेली आई होऊन.

सहावी पायरी: पहिलीच्या वर्गापर्यंत जाणे

बहुतेक बालशिक्षण अभ्यासक्रम सहाव्या वर्षी थांबतात आणि बहुतेक प्राथमिक अध्यापक पदविका तिथून सुरू होतात. आराखड्याने मात्र ३ ते ८ हा सलग पट्टा मानला आहे. जोडणीतला खरा सांधा इथेच आहे, आणि तो कोणत्याही विषयपत्रिकेत सापडत नाही. आपल्या विद्यार्थिनींनी जूनमध्ये दोन आठवडे महापालिकेच्या शाळेच्या पहिलीच्या वर्गात बसावे, एवढी एकच गोष्ट केली तरी बरेच साधते. पहिलीच्या सुरुवातीला ‘विद्याप्रवेश’ हा तीन महिन्यांचा खेळाधारित कार्यक्रम असतो, तो प्रत्यक्ष कसा चालतो हे बालवाटिकेच्या शिक्षिकेने पाहिलेले असावे. बालवाटिका ३ मध्ये आपण केलेल्या कोणत्या गोष्टी इथे उपयोगी पडल्या आणि कोणत्या वाया गेल्या, याचे एक पानभर टिपण प्रत्येकीने लिहावे.

यासाठी परवानग्या लागतात आणि त्या वेळ खातात. शाळेसाठी महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे, तर अंगणवाडीसाठी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. उन्हाळी सुट्टीच्या आधी, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्ज, विद्यार्थिनींची यादी, तारखा आणि एका जबाबदार प्रशिक्षकाचे नाव देऊन ठेवावे. जूनमध्ये अर्ज घेऊन गेल्यास मुख्याध्यापक प्रवेश आणि पुस्तकवाटपात बुडालेले असतात. मुख्यसेविकेला (अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिकेला) आणि अंगणवाडी सेविकेला आधी स्वतः जाऊन भेटावे. ‘आमच्या मुली तुमच्याकडे शिकायला येत आहेत’ हे वाक्य तिथे दरवाजा उघडते, ‘तुम्हाला नवीन पद्धत दाखवायला येत आहेत’ हे बंद करते.

जाता जाता एक सूचना. ‘बालशिक्षणाचा इतिहास’ ही विषयपत्रिका नव्या आराखड्याच्या नादात आखडती घेतली जाते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे काम केले, ती गावे तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात, आणि गुरांमागे गेलेल्या मुलांसाठी कुरणात नेण्याचा त्यांचा प्रयोग शिकवताना शेजारी क्षमतांची यादी ठेवावी. स्थानिक साहित्यातून शिकवण्याची कल्पना २०२२ मध्ये जन्मली नाही, हे विद्यार्थिनींना आपोआप कळते.

सातवी पायरी: आता तक्ता

वर्षअखेरीस तक्ता करावा. या वेळी डावीकडे क्षमता आणि उजवीकडे कोणाच्या वहीतल्या कोणत्या पानावर ती क्षमता एखाद्या मुलात दिसल्याची नोंद आहे, तेवढेच लिहावे. नोंद नसेल तिथे चौकोन रिकामा ठेवावा. विषयपत्रिकांत काय बदलायचे, हे हे रिकामे चौकोन सांगतात.

आमच्या पहिल्या वर्षीच्या अशा तक्त्यात ५व्या ध्येयासमोर, म्हणजे कामाची आवड आणि दुसऱ्याला मदत करणे यासमोर, एकाही वहीतले पान निघाले नाही. कारण शोधायला गेलो तेव्हा कळले की खाऊच्या वेळी वाट्या मांडणे, पाणी देणे आणि नंतर सतरंजी झटकणे ही सगळी कामे आमच्या विद्यार्थिनी स्वतःच भराभर उरकत होत्या, पाठ वेळेत संपावा म्हणून. पुढच्या वर्षीपासून खाऊच्या वेळेची वीस मिनिटे पाठाच्या वेळापत्रकात धरली आणि वाट्या मुलांच्या हातात दिल्या. पहिल्याच आठवड्यात त्या ध्येयाच्या अकरा नोंदी आल्या, आणि दोन वाट्या फुटल्या.